कोऱ्या पायांचे प्रवासी

१. तुटलेली वाट

बाळाच्या काळजाचा आवाज मध्येच तुटला.

काळीज थांबलं नव्हतं. ते आईच्या पोटात, उबदार अंधारात, आपल्या तालात चाललंच होतं. तुटली होती ती वाट. दवाखान्याच्या छोट्या खोलीतून निघून, डोंगरउतारावरच्या खांबांवरून, दूरच्या शहरातल्या मोठ्या डॉक्टरांच्या कानापर्यंत जाणारी. पडद्यावर त्यांचा चेहरा अर्ध्या शब्दावर गोठला होता. तोंड उघडं, एक भुवई वर. सिस्टरनं पडद्याला टिचकी मारली, जशी काही आत माशी अडकली होती.

“अहो, काय झालं?” पलंगावरून लंबूच्या बायकोनं विचारलं.

“काही नाही गं. नेट गेलं.”

लंबू दाराच्या चौकटीला डोकं लागू नये म्हणून वाकून उभा होता. उंचीमुळे पडलेलं नाव त्याला इतकं चिकटलं होतं, की बायकोही लाडात आली की तेच घ्यायची. आज ती लाडात नव्हती. बाळाचं काळीज मधूनच एखादा ठोका गाळत होतं, म्हणून रोज दुपारी मोठे डॉक्टर ते तारेवरून ऐकत. उद्याचं ऐकणं शेवटचं. त्यावरून ठरणार होतं, तिनं इथेच बाळंत व्हायचं की असल्या अवस्थेत घाटाची वळणं घेत शहर गाठायचं. आणि गेले काही दिवस नेमकं त्याच वेळी सगळ्या गावाचं नेट कोसळत होतं.

लंबूचा फोन वाजला. पलीकडे गावाच्या इंटरनेट संस्थेचे चिटणीस होते. गेल्या महिन्यापर्यंत लंबूचे साहेब.

“बास कर आता,” ते म्हणाले. “राग माझ्यावर आहे ना? मग गावाला कशाला वेठीला धरतोस?”

“साहेब, आत्ता आत माझी बायको—”

“तेच तर म्हणतोय! ती वेळ तुझ्याइतकी कुणाला पाठ आहे? तक्रार लिहून ठेवलीय मी. उद्या संध्याकाळी पोलीस ठाण्यात देतो.”

फोन बंद झाला. लंबूनं पडद्यावरच्या गोठलेल्या डॉक्टरांकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला आपली उंची नकोशी झाली. लपायला जागाच नव्हती.

२. हात हजार, डोकं एक

लंबूला हे शास्त्र शिकवलं होतं बाईंनी. तंत्रशाळेत त्या नेटवर्क शिकवायच्या आणि अवघड नियम दोन ओळींच्या गाण्यात बसवून द्यायच्या. पोरं हसायची, पण पेपरात तीच गाणी गुणगुणत लिहायची. आता बाई निवृत्त झाल्या होत्या. लंबूचा फोन आला तशी त्यांनी पिशवीत लॅपटॉप टाकला, एक निळी तार गुंडाळली आणि मिळेल ती गाडी पकडून त्या त्याच्या स्वयंपाकघरात येऊन बसल्यासुद्धा.

“तोंडी परीक्षा समज,” त्या म्हणाल्या. “खोटं बोललास तर नापास. हे तू केलंस?”

“नाही, बाई.”

“पुढचा प्रश्न. नोकरी का सोडलीस?”

“आत्याबाईंपायी.”

आत्याबाई म्हणजे संस्थेचं मुख्य राउटर. सुटकेसएवढी राखाडी पेटी, पण गावातलं एकही अक्षर तिला ओलांडल्याशिवाय बाहेर जात नसे, की बाहेरचं आत येत नसे. कुठे निघालास, कुणाकडे जायचंय, मग या वाटेनं जा. घरातल्या थोरल्या आत्याचा हा खाक्या, म्हणून हे नाव.

“आत्याबाईंना हात हजार आहेत, पण डोकं एकच,” लंबू म्हणाला. “तुम्हीच शिकवलंत. वाटेनं जाणाऱ्यांना वाट दाखवायची तर हात पुरतात. पण कुणी थांबून थेट त्यांनाच प्रश्न विचारला, तर तो डोक्याकडे जातो. खोट्या पत्त्यांचे लाखो प्रश्न एकदम सोडले, की उत्तरं देता देता डोकं गरगरतं आणि हातही थांबतात. मी चिटणीससाहेबांना म्हणालो, दारांना अडसर घालू या. ते म्हणाले, चालतंय ना? मग हात लावू नकोस.”

“मग तू काय बोललास?”

लंबूनं मान खाली घातली. त्याची बायको ओट्याशी उभी होती. तिनंच उत्तर दिलं.

“सगळ्यांसमोर म्हणाले, एक दिवस आत्याबाई चक्कर येऊन पडतील, मग बसा कपाळाला हात लावून. आणि चप्पल घालून घरी आले.”

“वा,” बाई म्हणाल्या. “म्हणजे गुन्हा व्हायच्या आधीच कबुलीजबाब देऊन आलास.”

त्यांनी लंबूच्या बायकोकडे पाहिलं. तिचा एक हात पोटावर होता. झोपलेल्याची चादर सारखी करावी तसा तो हलकेच फिरत होता.

“पोरी, तुला काय वाटतं?”

“मला ते तारेचं काही कळत नाही, बाई. एवढंच कळतं, की हा माणूस रोज दारात उभा राहून बाळाचा ठोका ऐकतो आणि प्रत्येक ठोक्याला ह्याचे ओठ हलतात. असा माणूस तो आवाज बंद करील?”

बाईंनी निळी तार खांद्यावर टाकली. “उठ रे. नाही, तू नको. तू बसच. मीच जाते.”

३. पाचावरचा पंखा

संस्थेचं कार्यालय एका जुन्या शीतगृहाच्या अर्ध्या भागात होतं. जाड भिंती, उंच छत. दारातच चिटणिसांची भाची बसायची. येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करायची, फोन घ्यायची आणि उरलेल्या वेळात बोलायची.

“तुम्ही बाई ना? लंबूदादाच्या? मामा आत आहेत, चिडलेत. पण तसे वाईट नाहीत हं. संस्थेच्या सभेत सगळे म्हणाले, लंबूला परत आणा, तर मामा तयारसुद्धा झाले होते. अन् दुसऱ्याच दिवशी पहिल्यांदा आत्याबाई पडल्या. झालं! मामांचं डोकं फिरलं.”

“सभेच्या दुसऱ्याच दिवशी?”

“हो ना. काय हे नशीब!”

चिटणीस खरंच चिडले होते. संस्था त्यांनी घरोघर फिरून उभी केली होती. खांब रोवताना खड्ड्यात स्वतः उतरले होते. रागावताना त्यांचा आवाज चढत नव्हता, दाटत होता.

“बाई, मुलासारखं वागवलं मी त्याला. असा डाव साधेल असं वाटलं नव्हतं.”

“उद्या संध्याकाळपर्यंत थांबणारच आहात ना? तेवढा वेळ मला द्या. आणि आत्याबाईंची किल्ली.”

चिटणिसांनी क्षणभर विचार केला. “घ्या. आणखी काय बिघडायचंय?”

बैठकीच्या खोलीला आतून कडी होती. बाईंनी दार वाजवलं तेव्हा आत काहीतरी धडपडलं. मग बाहेरून आलेल्या सल्लागारानं दार उघडलं. डोळे लाल, इअरफोनची बोंडं गळ्यात लोंबत. आत्याबाईंचं दुखणं तपासायला एका मोठ्या कंपनीनं त्याला धाडलं होतं. आत्याबाई पुन्हा पुन्हा पडू लागल्या, तर संस्था त्या कंपनीच्या हाती जाईल, असं गावात बोललं जात होतं.

“मॅडम, हल्ला चाळीस देशांतून होतोय,” तो म्हणाला. “चाळीस! छोट्या संस्थेचं हे काम नाही.”

“कडी कशाला लावून बसता?”

“गोपनीय काम असतं, मॅडम.” आणि त्यानं लॅपटॉप फटकन मिटला.

शेवटची खोली नव्या तंत्रज्ञाची. लंबूच्या जागी आलेला हा तिशीचा माणूस इतका नेटका असे, की भाचीनं त्याचं नाव टापटीपराव ठेवलं होतं, आणि ते त्यालाही आवडलं होतं. शर्टला सुरकुती नाही, टेबलावर कण नाही. डोक्यावर पंखा मात्र असा भिरभिरत होता, की प्रत्येक कागदावर काहीतरी ठेवलेलं.

“पंखा कमी करू का?” बाईंनी पदर सावरत विचारलं.

भाची चहा घेऊन आली होती. “त्यांना सगळं पाचावर लागतं, बाई. पंखा पाचावर, स्पीकर फुल्ल, अन् चहात साखर तर विचारूच नका.”

टापटीपराव मोकळेपणानं हसला. “अर्धवट काही ठेवायचंच नाही, मॅडम. आकडा टाकायचा तर मोठ्यात मोठा. मग कमी पडायचा प्रश्नच नाही.” मग तो जरा पुढे झुकला. “लंबूदादांबद्दल मला काही बोलायचं नाही. हुशार माणूस. पण दवाखान्याची वेळ आणि आत्याबाईंचं दुखणं, या दोन्ही गोष्टी त्यांनाच ठाऊक. काय करणार? वाईट वाटतं.”

बाई काही बोलणार, इतक्यात बाहेरून भाचीचा आवाज आला.

“मामा! आत्याबाई पुन्हा पडल्या!”

४. धूळ

आत्याबाईंच्या खोलीत सगळे जमले. पेटी जागच्या जागी होती, दिवे जिवंत होते, पण बाहेर अख्ख्या गावाचे पडदे गोठले होते. चिटणीस दारातून म्हणाले, “बघा. तुम्ही आलात हे कळलं त्याला.”

बाईंनी लॅपटॉप उघडला. किल्ली मिळताच त्यांनी एक काम केलं होतं: आत्याबाईंच्या आतल्या आणि बाहेरच्या, दोन्ही दारांशी आरसा लावला होता. म्हणजे येणाऱ्या प्रत्येक पॅकेटची नक्कल त्यांच्या लॅपटॉपवर उतरत होती. नेटवरून काहीही पाठवलं तरी त्याचे छोटे छोटे तुकडे होऊन जातात. तो एकेक तुकडा म्हणजे एक पॅकेट, प्रत्येकावर कुठून निघालं आणि कुठे जायचं ते लिहिलेलं. आत्ता त्यांचा लोंढा येत होता आणि प्रत्येकाचा एकच प्रश्न होता, आत्याबाई, आहात का? आहात का? आहात का? पत्ते मात्र साऱ्या जगाचे.

“चाळीस देश,” सल्लागार मागून पुटपुटला.

“तू सांग गं,” बाई भाचीला म्हणाल्या. “तू रोज ही पेटी बघतेस. आत्याबाई पडतात तेव्हा दिवे कसे असतात?”

“बाहेरच्या तारेचा निवांत लुकलुकतो. जेवून आडवं झाल्यासारखा. अन् हा आतला बघा ना, अंगात आल्यासारखा करतो.”

त्याचा अर्थ खोलीत कुणाच्याच लक्षात आला नाही. बाईंनी मात्र चष्मा पुसला. मग पडद्यावरच्या एका आकड्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ ते उचललंच नाही.

थोड्या वेळानं लोंढा थांबला. आत्याबाई शुद्धीवर आल्या. बाई अंगणात गेल्या आणि त्यांनी लंबूला फोन लावला.

“सातवं गाणं म्हण.”

“आत्ता?”

“म्हण रे.”

पलीकडून दबका, सुरात नसलेला आवाज आला.

*सात डोंगरांच्या पल्याडून आले म्हणे बाई,*
*पाय तुझे कोरे कसे? धूळ टाचेलाही नाही!*

“अर्थ?”

“पॅकेट निघतं तेव्हा त्याला मोजके श्वास दिलेले असतात. वाटेतलं प्रत्येक राउटर त्यातला एक श्वास घेतं, म्हणजे वाट चुकलेलं पॅकेट जन्मभर भटकत राहत नाही. जास्तीत जास्त दोनशे पंचावन्न श्वास देता येतात, त्याहून एकही जास्त नाही. पत्ता खोटा लिहिता येतो, पण...” लंबूचा आवाज एकदम बदलला. “बाई! किती होते?”

“दोनशे पंचावन्न. प्रत्येकाचे. एकही खर्च झालेला नाही.”

“म्हणजे वाटेत एकही राउटर लागलेलं नाही!”

“चाळीस देश नाहीत, लंबू. चाळीस पावलंही नाहीत. लोंढा आतल्या दारानं येतोय. याच इमारतीतून.”

लंबूच्या बायकोचा आवाज मागून येत होता, “अहो, रडताय काय? काय झालं?”

“हुरळून जाऊ नकोस अजून,” बाई म्हणाल्या. “चिटणीस म्हणतील, जाताना तूच एखादं यंत्र आत पेरून गेलास. ते शोधून काढलं तरी त्यावर कुणाचं नाव नसणार. मला यंत्र नको, हात हवाय.”

५. तीन कानगोष्टी

भाचीचा संगणक आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे फोन एका वेगळ्या, छोट्या राउटरमधून आत्याबाईंकडे जात. तिला सगळे धाकटी म्हणत. धाकटीच्या हातून गेलेल्या पॅकेटचा एक श्वास कमी झाला असता. म्हणजे भाची सुटली. थेट आत्याबाईंशी जोडलेल्या खोल्या तीनच: चिटणिसांची, बैठकीची आणि तंत्रज्ञाची. तिन्ही तारा छतावरच्या एका खोक्यात एक होऊन खाली येत होत्या, म्हणून लोंढा कुठल्या खोलीतून निघाला ते आत्याबाईंपाशी कळत नव्हतं.

बाईंनी सगळ्यांना बोलावून जाहीर केलं, “आज रात्र पडायच्या आत मी आत्याबाईंचं पहिलं दार बंद करते. ‘आहात का’ म्हणणाऱ्या परक्याला उद्यापासून उत्तर नाही. आणि आत्याबाईंशी बोलायचं तर फक्त माझ्या या निळ्या तारेतून. किल्ली बदललीय. चालेल ना?”

“उत्तम, मॅडम,” टापटीपराव म्हणाला. चिटणिसांनी खांदे उडवले. सल्लागार जांभई दाबत होता.

मग त्या एकेकाला गाठत गेल्या.

चिटणिसांच्या टेबलाशी बसून त्या हळूच म्हणाल्या, “एक दार राहून जातंय. ‘तुमचं नाव-गाव, तब्येत काय’ असं विचारणाऱ्यांचं. ते उद्या संध्याकाळपर्यंत उघडंच राहील. कुणाला बोलू नका.”

सल्लागाराला बैठकीच्या खोलीत म्हणाल्या, “तुम्ही जाणकार आहात म्हणून सांगते. ‘कुलूप उघडा, आत यायचंय’ म्हणणाऱ्यांचं दार मला आज जमत नाहीये. तोंडातून काढू नका.”

टापटीपरावाच्या भिरभिरत्या पंख्याखाली त्यांना जरा मोठ्यानं बोलावं लागलं. “तुम्ही इथले तंत्रज्ञ, तुमच्यापासून काय लपवायचं? आत्याबाईंना ‘किती वाजले’ विचारणाऱ्यांचं दार राहतंय. घड्याळं जुळवायला गावातली यंत्रं तेच विचारतात, एकदम बंद करता येत नाही. आपल्यातच ठेवा.”

“माझ्याकडून कुणाला कळणार नाही, मॅडम,” तो म्हणाला आणि चहात तिसरा चमचा साखर घातला.

संध्याकाळचं ऊन भिंतीवर चढत होतं. बाई आत्याबाईंपुढे मांडी घालून बसल्या, निळी तार जोडली आणि फोन कानाशी धरला. दुसऱ्या टोकाला लंबू होता. महिनाभरापूर्वी त्यानं जे मागितलं होतं आणि मिळालं नव्हतं, ते सगळं तो एकेक करून सांगत गेला. न लागणारी दारं कायमची बंद. उरलेल्या प्रत्येक दाराला अडसर: एका दमात मोजकेच प्रश्न आत, बाकीचे उंबऱ्याबाहेर. नाव-गाव विचारायचं ते ओळखीच्यानंच. घराच्या आतून येऊन परगावचा पत्ता सांगणाऱ्याला वाटेतच अडवायचं, आणि तेही आत्याबाईंच्या हातांनी. डोक्यापर्यंत प्रश्न जाऊच द्यायचा नाही. प्रत्येक दारापाशी मोजणी, किती आले, किती परत गेले.

बाई बोटांनी लिहीत होत्या आणि ओठांनी गुणगुणत होत्या.

*जाणाऱ्याला वाट द्यावी, पुसणाऱ्या थांबवावं,*
*ओळखीच्या माणसाशी मोजकंच बोलावं.*

काम झालं. कुठेच एकही दार उघडं राहिलं नव्हतं. पण हे जगात दोघांनाच ठाऊक होतं.

“बाई,” लंबूनं विचारलं, “तुमचा नेम चुकला तर? उद्याचं ऐकणं शेवटचं आहे.”

बाईंनी निळी तार आणखी एकदा दाबून बघितली.

६. लोंढा

दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यात लंबूची बायको पलंगावर झोपली. सिस्टरनं तिच्या पोटावर यंत्र टेकवलं. पडद्यावर मोठे डॉक्टर आले. लंबू दारात, वाकून.

इकडे बाईंनी सगळ्यांना आत्याबाईंच्या खोलीत बोलावलं होतं. सिस्टरचा फोन जोडून स्पीकर मोठा केला होता. “तुमच्यासारखा फुल्ल,” त्या टापटीपरावाला म्हणाल्या. तो हसला.

फोनमधून आवाज आला. धबक-धबक, धबक-धबक. दूर कुठेतरी माळावरून घोडं दौडत यावं तसा. चिटणिसांनी तो कधी ऐकला नव्हता. त्यांचा हात नकळत खुर्चीच्या पाठीवर घट्ट झाला.

आणि आत्याबाईंचा आतला दिवा पिसाटला.

“आला!” भाची ओरडली. “बाई, आला!”

लॅपटॉपवर तीन दारांच्या तीन मोजण्या होत्या. एक आकडा वेड्यासारखा वर निघाला. हजार, दहा हजार, लाख. चिटणिसांनी डोळे मिटून घेतले. घोड्याच्या टापा आत्ता थांबणार, आत्ता.

धबक-धबक. धबक-धबक.

आकडा वाढत राहिला. टापा वाजत राहिल्या. उंबऱ्याबाहेर लाखो खोटारडे एकमेकांना तुडवत उभे होते आणि आत आत्याबाई शांतपणे एका अजून न जन्मलेल्या जिवाचा ठोका उचलून डोंगरापलीकडे नेऊन पोचवत होत्या. एकही न सांडता.

“हं,” मोठ्या डॉक्टरांचा आवाज आला. “थांबा, कुणी बोलू नका.” सगळ्या खोलीनं श्वास रोखला, जसा काही हा हुकूम त्यांनाही होता. “छान. सलग आहे. गेल्या आठवड्यापेक्षा पुष्कळच चांगला. कुठेही हलवायची गरज नाही. घरच्या दवाखान्यातच बाळंतपण करा.”

फोनमधून कुणाचं तरी डोकं चौकटीवर आपटल्याचा आवाज आला. लंबू सरळ उभा राहिला होता.

चिटणीस मटकन खुर्चीत बसले. भाचीनं टाळ्या पिटल्या. सल्लागारालाही राहवलं नाही. तोही पिटू लागला. मग हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं, की बाई टाळ्या वाजवत नाहीत. त्या लॅपटॉपच्या पडद्याकडे बोट दाखवून उभ्या आहेत.

७. किती वाजले?

“वाढलेला आकडा एकाच दाराचा आहे,” बाई म्हणाल्या. “चिटणीससाहेब, काल मी तुम्हाला कुठलं दार उघडं राहील म्हणाले?”

“नाव-गाव विचारणाऱ्यांचं.”

“तिथे आज एकही परका आला नाही. आणि तुम्हाला, सल्लागारसाहेब?”

“कुलूप उघडा म्हणणाऱ्यांचं... अहो, पण तुम्ही मला सांगितलं होतं, कुणाला बोलू नका!”

“तेच मी तिघांनाही सांगितलं, तिघांना तीन वेगळी दारं. तिथेही आज कुणी फिरकलं नाही.” बाई वळल्या. “लोंढा आला तो ‘किती वाजले’ विचारत. हे दार मी एकाच माणसाला सांगितलं होतं.”

टापटीपरावाच्या शर्टवर पहिल्यांदाच सुरकुती पडली; त्यानं खिसा मुठीत धरला होता.

“लंबूदादांनी अंदाज बांधला असेल,” तो म्हणाला. “पूर्वी काहीतरी पेरून ठेवलं असेल.”

“पेरलेलं यंत्र कालची कानगोष्ट कशी ऐकेल? आणि लंबूला ठाऊक होतं, की एकही दार उघडं नाही. काल दारं लावताना तोच मला सांगत होता. बंद दारावर तो कशाला डोकं आपटेल?” बाईंचा स्वर वर्गातला झाला. “तरी उलटतपासणी घ्या माझी. लंबूला गाव परत बोलावणार होतं. सभेच्या दुसऱ्याच दिवशी हल्ला सुरू झाला. लंबूचं त्यात काय भलं होतं? उलट तो आला असता तर कुणाची खुर्ची गेली असती?”

चिटणिसांनी मान वर केली.

“आणि एक,” बाई म्हणाल्या. “साधा माणूस पॅकेटच्या श्वासांना हातच लावत नाही, यंत्र आपणहून ठरावीक देतं. तसेच ठेवले असते, तर ती दुरून आली की जवळून, मी छातीठोक सांगू शकले नसते. पण कुणीतरी मुद्दाम तो आकडा मोठ्यात मोठा केला. कमी पडायला नको म्हणून. ज्याला पंखाही पाचावर लागतो, अशा कुणीतरी.”

भाचीनं तोंडावर हात ठेवला.

तिच्या मामांनीच उठून, सगळ्यांना मागोमाग घेत, तंत्रज्ञाच्या खोलीतलं नेटकं टेबल पुढे ओढलं. खालच्या बाजूला चिकटपट्टीनं काडेपेटीएवढं काळं यंत्र चिकटवलं होतं, अगदी सरळ रेषेत. टापटीपराव तेही वाकडं लावू शकला नव्हता.

“मला वाटलं, एक-दोनदा पडेल,” तो अखेर म्हणाला. आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. “सगळे त्यांचंच नाव घेतात, मॅडम. लंबू असता तर असं केलं असतं, लंबू असता तर तसं. मी रोज वेळेवर येतो, सगळं नीट करतो, पण कुणी—”

“त्याचं मला वाईट वाटतं,” बाई म्हणाल्या. “पण गावावर राग काढायला दिवसभरात हवी ती वेळ होती. तू काळजाची वेळ निवडलीस, म्हणजे बोट बापाकडेच वळेल. हे मात्र मी कधी विसरणार नाही.”

सल्लागारानं घसा खाकरला.

“माझं एक सांगायचं होतं. कडी लावून मी... मालिका बघत होतो. तिच्यात एक आई आहे हो, फार सोसते. गोपनीय काम वगैरे काही नाही.”

“ते तुमच्या डोळ्यांवरूनच कळलं होतं,” बाई म्हणाल्या, आणि चिटणिसांनासुद्धा हसू आवरेना.

सगळे परत आत्याबाईंपाशी आले, तोच लंबू धावत आला. दारात नेहमीप्रमाणे वाकला, पण आत येऊन ताठ उभा राहिला. चिटणीस त्याच्यासमोर गेले. खिशातून तक्रारीचा कागद काढून त्यांनी त्याचे बारीक बारीक तुकडे केले.

“लंबू, तू अडसर मागितलास आणि मी हात लावू नकोस म्हणालो. चूक तिथून सुरू झाली. तक्रार आता दुसरी लिहायचीय, ती मी लिहीन. तू तेवढा आत्याबाईंकडे बघ.”

“साहेब, मीही तोंड सोडून गेलो होतो.”

“मग फिटलं. उद्यापासून ये.”

“आजपासूनच येतो, मामा,” लंबू म्हणाला. त्यानं त्यांना मामा कधी म्हटलं नव्हतं. भाचीनं लगेच बजावलं, “माझे मामा आहेत हं, वाटून घ्यायचे असतील तर चहा रोज तू करायचास.”

लंबूनं आत्याबाईंच्या कोमट पाठीवर तळवा ठेवला. आतला दिवा शांत लुकलुकत होता. पलीकडच्या खोलीत भाचीनं पंखा पाचावरून दोनवर आणला, आणि इतके दिवस दबून राहिलेले कागद एकेक करून सैल झाले.

बाई पिशवी भरत होत्या. निळी तार गुंडाळताना त्यांना लंबूचं गुणगुणणं ऐकू आलं. सूर नेहमीसारखाच हरवलेला होता, शब्द मात्र त्यांनी शिकवलेले नव्हते.

*सात डोंगरांच्या पल्याडून येतं बाळ माझं बाई,*
*पाय त्याचे कोरे, तरी दार त्याला बंद नाही.*

“पास,” बाई म्हणाल्या, आणि तार त्याच्या गळ्यात टाकून चालू लागल्या.